वाचलेला वेळ कुणाचा?

उर्दू शाळांत निबंधाचा एक विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे : ‘साइंस की बरकतें’. मी विद्यार्थिनी असताना तो लिहिला, आता शिक्षिका म्हणून तो लिहायला देते. दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला हा विषय दिला आणि वह्या तपासायला घेतल्या. प्रत्येक वहीत तीच यादी होती. पंखा, मोबाइल, गॅस, मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन. एका मुलाने लिहिले होते की मिक्सर आणि गॅस आल्यापासून आमच्या अम्मीला दिवसभर आरामच आराम आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला विचारले, “आपल्या अम्मीला दिवसा नुसते बसलेले कुणी पाहिले आहे?” मुले हसली. बऱ्याच वेळाने एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, “जी, बुखार आया था तब.”

त्या मुलाचे चुकले असे मला म्हणता येईना. घरात यंत्र आले की वेळ वाचतो, हे गणितासारखे सरळ आहे. पण वाचलेला पैसा कुणाच्या खिशात गेला हे आपण लगेच विचारतो. वाचलेला वेळ कुणाच्या दिवसात गेला हे मात्र कुणी विचारत नाही. या लेखात मला तोच हिशेब मांडायचा आहे. या हिशेबात माझ्या नावावरही काही बाकी निघते, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या घरात दादीचे जाते होते. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी माझ्या जन्माआधीच आली होती, म्हणून ज्वारी गिरणीवर जाई. पण डाळ भरडायला, रमजानच्या आधी हरभरा भरडायला जाते लागे. चटणी-मसाल्याला पाटा-वरवंटा. दादी सांगायची की तिच्या तरुणपणी पहाटेच्या अजानच्या आधी मोहल्ल्यातल्या घराघरांतून जात्याची घरघर ऐकू यायची आणि तिच्यासोबत गाणेही.

ते गाणे फक्त एका समाजाचे नव्हते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत आमच्या माजलगावच्या बायकांनी गायलेल्या ओव्याही आहेत. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांसमोर आणल्या. दुसरीकडे दखनी भाषेत सूफी परंपरेतून चक्कीनामे रचले गेले. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील आपल्या १९७८ च्या पुस्तकात दाखवले आहे की दळताना, सूत कातताना गायच्या या गाण्यांतून सूफींची शिकवण दख्खनच्या बायकांपर्यंत, घरांच्या आत पोचली. आपल्याकडे दीन जसा मशिदीच्या मिंबरवरून आला, तसा जात्याच्या खुंट्यावरूनही आला, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

पण इथे सावध राहिले पाहिजे. जात्याची गोड आठवण काढणाऱ्यांत जाते ओढलेल्या बायका फार थोड्या असतात. दादीच्या तळहातांवर घट्टे होते आणि शेवटपर्यंत तिचा उजवा खांदा वर उचलत नव्हता. जाते गेले याचे दुःख तिने कधी केले नाही. दुःख आम्हाला होते, ज्यांनी ते कधी ओढले नाही.

मी प्राथमिक शाळेत असताना आमच्याकडे मिक्सर आला. अब्बांनी हप्त्यावर घेतला होता. त्या काळात मोहल्ल्यात टीव्हीवर मोठी बहस चालायची. टीव्ही घरात ठेवणे जायज की नाजायज, यावर जुम्म्यानंतर तास तास चर्चा होई. मिक्सरवर कुणी बहस केली नाही. मिक्सर निरुपद्रवी वाटला. आज मला वाटते की नैतिक प्रश्न मिक्सरमध्येही होता, फक्त तो स्वयंपाकघरात होता म्हणून मशिदीपर्यंत पोचला नाही.

मिक्सर आल्यावर काय झाले? पाट्यावर चटणी वाटायला अर्धा तास लागे, ती आता पाच मिनिटांत होऊ लागली. पंचवीस मिनिटे वाचली. पण पाट्याच्या दिवसांत एकच चटणी होती, शेंगदाण्याची किंवा जवसाची, आणि ती चार दिवस पुरवायची. मिक्सर आल्यावर रोज ताजी चटणी हवी, सालनाला बारीक वाटण हवे, पाहुणे आले तर खोबऱ्याचा मसाला हवा. इफ्तारचेच पाहा. माझ्या लहानपणी दस्तरखानावर खजूर, उकडलेले चणे, भजी आणि सरबत असे. आता शाबान महिन्यातच समोसे भरून फ्रिजरमध्ये ठेवतात, आणि तरीही असरनंतर बाईला क्षणाची उसंत नसते. यंत्राने काम कमी केले आणि आपण अपेक्षा वाढवल्या. दोन्हींची वजाबाकी केली तर हाती फारसे काही उरत नाही.

त्यात आमच्या भागात वीज हे वेगळेच प्रकरण होते. आमच्याच जिल्ह्यात परळीला १९७१ सालापासून औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याच्या चिमण्या दूरवरून दिसतात. पण २००५ नंतरच्या वर्षांत, मी कॉलेजात असताना, लोडशेडिंग असे होते की गावाला दिवसचे दिवस उजेडाची वाट पाहावी लागे. रात्री अडीच वाजता वीज यायची. अम्मा तेव्हा उठायची, मिक्सर लावायची, मोटर चालू करून टाकी भरायची आणि फज्रपर्यंत जागीच राहायची. यंत्र माणसाच्या सोयीने चालते असे पुस्तकात लिहिलेले असते. आमच्या घरात अम्मा यंत्राच्या सोयीने चालत होती. पुढे २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले, तेव्हा कळले की विजेच्या मागेही शेवटी पाणीच आहे. आणि पाणी भरण्याचे काम कुणाचे, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही.

हा अनुभव फक्त आमचा नाही. अमेरिकेत जोअॅन व्हॅनेक या अभ्यासिकेने १९७४ मध्ये दाखवून दिले की तिथल्या नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२० च्या दशकात घरकामाला आठवड्याचे सुमारे ५२ तास देत होत्या आणि १९६० च्या दशकात सुमारे ५५. दरम्यान वीज, नळ, गॅस, धुण्याचे यंत्र सगळे घरात येऊन गेले होते. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये त्याचे एक कारण सांगितले. यंत्रांनी आधी पुरुषांची आणि मुलांची कामे संपवली. शेगडी आली तेव्हा लाकूड फोडणारा पुरुष मोकळा झाला. स्वयंपाक करणारी बाई शेगडीसमोर तशीच उभी राहिली.

हे वाचले तेव्हा मला अब्बा आठवले. गिरणीवर डबा न्यायचे काम त्यांचे, रॉकेलच्या रांगेत उभे राहायचे काम त्यांचे, वखारीतून लाकूड आणायचे काम त्यांचे. मसाला कुटायला आम्ही भावंडे. गॅस आला, मिक्सर आला, बाजारात तयार पिठाच्या पिशव्या आल्या. अब्बा मोकळे झाले, आम्ही मोकळे झालो. अम्मा तिथेच राहिली. फरक इतकाच की पूर्वी तिच्या आजूबाजूला आम्ही असायचो, आता ती एकटी असायची.

आपल्या देशाचे आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात आढळले की घरातली बिनमोल कामे दिवसाकाठी शंभरातल्या ८१ बायका करतात आणि २६ पुरुष. जे करतात त्यांतल्या बाईचे सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात बाईची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषाची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषाची नऊ. तिच्या तीनशेतली दहा, त्याच्या शंभरातली नऊ. आरामातही वाटणी अशी झाली.

तरी यंत्रांनी काहीच दिले नाही असे म्हणणे नाशुक्री होईल. घट्टे गेले, खांदे वाचले, २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गरिबांच्या चुलीजवळचा धूरही काही प्रमाणात कमी झाला. कष्टाची जात बदलली. अम्माला मी एकदा विचारले तर ती म्हणाली, “छाले गए बेटा, काम नई गया.” मला वाटते, साऱ्या अभ्यासाचे सार या एका वाक्यात आहे.

छाल्यांवरून एक हदीस आठवते. आपल्यापैकी बहुतेकांना ती ठाऊक आहे. हजरत फातिमा (र.अ.) यांचे हात जाते ओढून सोलवटले होते. रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे काही कैदी आले आहेत असे कळले, तेव्हा एखादा खादिम मिळावा म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. भेट झाली नाही. रात्री हुजूर स्वतः लेकीच्या घरी आले आणि खादिमापेक्षा चांगली गोष्ट सांगतो म्हणून झोपण्यापूर्वीची तस्बीह शिकवली : ३३, ३३ आणि ३४. तस्बीह-ए-फातिमा आपण आजही पढतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या इज्तिमांत मी ही हदीस लहानपणापासून ऐकत आले. दरवेळी तिचे तात्पर्य एकच सांगितले जाई : बायकांनी कामाची तक्रार करू नये, सबर करावा. मीही ते मानत होते. पुढे थोडे वाचन झाले तेव्हा इमाम अहमद यांच्या मुस्नदमधली रिवायत वाचनात आली. तीत आधी हजरत अली (र.अ.) सांगतात की पाणी ओढून ओढून माझी छाती दुखू लागली आहे, मग हजरत फातिमा आपल्या हातांचे सांगतात. म्हणजे त्या घरात जाते बाईकडे होते तर पाणी पुरुषाकडे होते. आणि नकाराचे कारणही तिथे दिले आहे. सुफ्फावाले भुकेने कळवळत असताना मी तुम्हाला देऊ शकत नाही, असे हुजूरांनी सांगितले.

हा नकार ‘बाईने सबर करावा’ असा नाही. तो आहे की ज्याची गरज जास्त, त्याचा हक आधी, मग समोर स्वतःची लाडकी लेक का असेना. जे नातेवाईक ही हदीस सुनेला ऐकवतात, त्यांनी ती अर्धीच ऐकवलेली असते. हजरत आयेशा (र.अ.) यांना विचारले गेले की हुजूर घरात काय करत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. दाढीच्या सुन्नतवर जितके बोलले जाते तितके या सुन्नतवर बोलले गेले असते, तर माझ्या वर्गातल्या मुलाचा निबंध कदाचित वेगळा झाला असता.

पण सुफ्फावाल्यांची गोष्ट वाचली तेव्हा पुरुषांवर बोट दाखवणे मला सोपे राहिले नाही. कारण त्या वाचनाच्या आधी, २०१८ साली, मी वॉशिंग मशीन घेतली होती.

सेमी ऑटोमॅटिक, साडेनऊ हजारांची. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसणाऱ्या गावात हीच मशीन चालते, कारण बादलीने पाणी ओतता येते आणि शेवटचे पाणी फरशीला वापरता येते. त्याआधी आमच्याकडे धुण्याला एक खाला येत. महिन्याला सहाशे रुपये. मुलांच्या अब्बांनी हिशेब केला की सोळा महिन्यांत मशीनचे पैसे वसूल होतात. हिशेब बरोबर होता. दोन लहान मुले, शाळा, शाळेची ऑनलाइन कामे, यांत मलाही श्वास हवा होता. मी खालांना संकोचाने सांगितले. त्या म्हणाल्या, “अच्छा हुआ बाजी, तुम्हारे हाथां को आराम मिला.” थंडीत सोड्याने चिरलेले त्यांचे हात मी दोन वर्षे पाहिले होते. माझे हात धुण्याने कधी चिरले नव्हते.

त्यांची मुलगी आमच्याच शाळेत सहावीत होती. त्या वर्षी पाऊस पडला नाही. ऑक्टोबरात राज्यातले जे तालुके दुष्काळी जाहीर झाले त्यांत आमचाही जिल्हा होता. खालांचे मियाँ हमाली करत, बाजारात माल नाही तर हमाली कुठून? त्याच सुमारास आणखी एका घरानेही मशीन घेतली. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि नवरा-बायको एक कोयता म्हणून ऊसतोडीला गेले. मुलगी सोबत गेली, धाकट्याला सांभाळायला.

माझ्या सहाशे रुपयांनीच ते घर हलले असे मी म्हणणार नाही. दुष्काळ होता, हमाली बंद होती, आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन निघतात. पण त्या घराच्या भिंतीतून ज्या विटा निघाल्या त्यांत एक माझ्या हाताने निघाली, हे मी नाकारू शकत नाही.

ऊसतोडीच्या कोपीवर यंत्र कुठलेच पोचत नाही. गॅसची टाकी गावाकडे कुलपात राहते. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात जाते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. ज्या कामात विश्रांतीला दंड आहे, तिथे बाईच्या शरीराचे काय होते हे या आकड्यात आहे. मी मशीनमध्ये कपडे टाकून वह्या तपासत होते त्याच तासात खाला मोळ्या उचलत होत्या. दोन्ही तास एकाच दुष्काळातले होते.

ती मुलगी पाडव्याच्या सुमारास परत आली. वर्गात बसली, पण अपूर्णांक मागे राहिले होते आणि इंग्रजीची अक्षरेही. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. आठवीनंतर तिचे नाव हजेरीतून कमी झाले. तो कागद मीच भरला.

मग मशीन घ्यायचीच नव्हती काय? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला. सोड्याने हात चिरणारे काम टिकून राहावे, ते गरीब बाईने करावे, आणि त्याला आपण रोजगार म्हणावे, हेही मला मान्य होत नाही. ते काम संपलेच पाहिजे. पण ते संपण्याची किंमत कुणी मोजायची? आपल्या व्यवहारात आराम त्याला मिळतो ज्याच्याकडे यंत्राचे पैसे आहेत, आणि किंमत तो मोजतो ज्याच्याकडे फक्त हात आहेत. यंत्र हलाल आहे की हराम, हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. प्रश्न आहे तो वाचलेल्या वेळाच्या मालकीचा.

बुखारी शरीफमध्ये दोन नेमतींचा उल्लेख आहे ज्यांबाबत बहुतेक माणसे घाट्यात राहतात. एक तंदुरुस्ती आणि दुसरी फराग, म्हणजे मोकळा वेळ. मी पूर्वी याचा अर्थ असा घेत असे की मोकळा वेळ वाया घालवू नये. आता वाटते की घाट्यात राहण्याची आणखी एक रीत आहे : दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ स्वतःचा समजून वापरणे. फराग माझ्याकडे आला तेव्हा तो पूर्ण माझा नव्हता. त्यात अम्माचा हिस्सा होता. मिक्सरने वाचवलेला तिचा वेळ तिने झोपण्यात घालवला नाही. तो तिने मला दिला, स्वयंपाकातून मला सोडवून अभ्यासाला बसवले, तेव्हा कुठे मी बी.एड. झाले. आणि त्यात खालांचा हिस्सा होता, जो त्यांनी दिला नव्हता, मी घेतला होता. अम्माचे ते देणे प्रेमाचे होते. खालांचे कर्ज आहे. आणि कर्जाबाबत आपल्या दीनने किती सख्ती सांगितली आहे हे आपण जाणतो.

म्हणून गेली काही वर्षे असरनंतरचा एक तास मी शाळेतल्या दोन-तीन मुलींना देते, ज्यांचे आईवडील कोयत्यावर जातात आणि ज्या नानी-दादीजवळ मागे राहतात. मागे राहाव्यात म्हणून हंगामाआधी दोन-तीन घरी जाऊन बसते. कधी ऐकतात, कधी नाही. हा कफ्फारा नव्हे. जिचे नाव कमी झाले तिला यातून काही मिळत नाही. घरात आता मशीन मी लावत नाही. शनिवारी मुलगा आणि त्याचे अब्बा लावतात. पहिल्या महिन्यात दोन पांढरे कुर्ते निळे झाले. ईदला तेच घालून गेले.

मागच्या रमजानमध्ये अम्मा आमच्याकडे होती. तरावीहनंतर मी तिला विचारले की इतकी वर्षे मिक्सरने, गॅसने जो वेळ वाचवला तो सगळा एकदम तुझ्या हाती दिला असता तर तू काय केले असतेस? मला वाटले ती म्हणेल कुरआन पढला असता, किंवा झोपले असते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मालूम नई बेटा. कभी मिला नई, तो सोची नई.”

यंदाही मी मुलांना ‘साइंस की बरकतें’ हाच निबंध देणार आहे. फक्त फळ्यावर त्याखाली आणखी एक ओळ लिहीन : बरकत कुणाला मिळाली, ते घरी विचारून लिहा.